कारागीर-बाजारांचे स्थलरेखाटन

उघड्यावर भरणाऱ्या बाजारात, जत्रेत किंवा हस्तकलांच्या मेळ्यात कारागीर काम करीत असताना अथवा माल विकीत असताना, त्याच जागी बसून वा उभे राहून केलेले रेखाटन. चित्रशाळेत प्रतिमानास समोर बसवून केलेल्या अभ्यासचित्रापासून, तसेच स्मरणाने रचलेल्या बाजारदृश्यापासून हा प्रकार वेगळा मानला जातो. त्यात चित्रकाराचे निरीक्षण व कारागिराचे काम एकाच वेळी चालू असते. त्यामुळे अशा रेखाटनाला चित्र म्हणून जसे मूल्य असते, तसेच हस्तव्यवसायांच्या इतिहासाचे साधन म्हणूनही असते. भारतात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून या प्रकाराचा माग काढता येतो. त्या इतिहासात एक प्रश्न सतत पुढे येतो : रेखाटनात नोंद होते ती कोणाची, जातीची, कामाची, की ते काम करणाऱ्या माणसाची?

स्वरूप व तंत्र : बाजारातील माणसे स्थिर नसतात. गिऱ्हाइके सरकतात, माल हलतो, उन्हाबरोबर सावल्या फिरतात. कारागिराची हालचाल मात्र आवर्तनशील असते. कुंभाराचा हात चाकावरच्या मातीवर पुनःपुन्हा त्याच वळणाने येतो. लोहाराचा घण ठरावीक उंचीवरून ऐरणीवर पडतो. पिंजारी आपल्या धनुकलीच्या तातीवर ठरावीक लयीत आघात करतो. बुरुडाची बोटे बांबूच्या पट्ट्या एकाच क्रमाने वरखाली घेतात. चित्रकार एका आवर्तनात खांद्याची रेषा, दुसऱ्यात मनगटाची आणि तिसऱ्यात अवजाराची दिशा टिपू शकतो. म्हणूनच कामात गढलेला कारागीर स्थिर नसूनही स्थलरेखाटनास अनुकूल ठरतो.

रेखाटनास सामान्यतः बैठकीपासून प्रारंभ होतो. भारतीय कारागीर बहुधा जमिनीवर बसून काम करतो आणि कित्येक व्यवसायांत पायांचा उपयोग वस्तू धरून ठेवण्यासाठी करतो. पाठीचा कणा, गुडघे व पावले यांची मांडणी चुकली, तर कामाची रीतच चुकीची नोंदली जाते. बैठक निश्चित झाल्यावर हात व अवजार, नंतर मांडलेला माल आणि शेवटी गर्दी असा क्रम पुष्कळ चित्रकार पाळतात. गर्दी थोड्याच रेषांत सुचविली जाते. शिसपेन्सिल, टाक, शाई, कुंचला व जलरंग ही प्रमुख साधने होत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओलसर जलरंगांच्या लहान पेट्या मिळू लागल्या आणि रंगकामही स्थळावर करणे सोपे झाले. रंगासाठी वेळ न मिळाल्यास कागदाच्या कडेला रंगाचे नाव, धातूचा प्रकार, वस्तूचे माप किंवा किंमत टिपून ठेवतात. अशी टिपणे अभ्यासकाला कित्येकदा चित्राइतकीच उपयुक्त ठरतात.

पूर्वपीठिका : आठवड्याचा बाजार व जत्रा ही भारतीय कारागिराच्या जीवनाची जुनी अंगे होत. महाराष्ट्रात बलुतेदार कारागीर गावकीच्या कामाबद्दल धान्याच्या रूपाने मोबदला घेत असला, तरी मडकी, टोपल्या, घोंगड्या, वहाणा, विळे, कोयते यांसारख्या वस्तूंची रोखीची विक्री बाजारातच होई. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या व्यवहारांचे तपशीलवार शब्दचित्र आढळते. अशा व्यवहारांचे रेखाचित्रण त्यापूर्वीच सुरू झालेले होते. परंतु त्यास चालना मिळाली ती प्रामुख्याने यूरोपीय आश्रयदात्यांकडून.

फ्लेमिश चित्रकार बाल्टाझार सॉल्विन्स (१७६०–१८२४) हा १७९१ मध्ये कलकत्त्यास आला. त्याने तेथील लोकांचे वेश, व्यवसाय, वाद्ये, होड्या, गाड्या इत्यादींचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १७९६ ते १७९९ या काळात २५० रंगीत अम्लरेखनांचा संग्रह प्रसिद्ध केला. कारागिरांच्या आकृती त्यात जातींच्या अनुक्रमाने लावलेल्या आहेत. या उपक्रमास आर्थिक यश लाभले नाही. पुढे पॅरिसमध्ये त्याने १८०८ ते १८१२ या काळात अधिक विस्तृत आवृत्ती काढली. पाटणा, मुर्शिदाबाद, तंजावर इ. केंद्रांतील भारतीय चित्रकारही याच सुमारास कंपनी शैलीत व्यावसायिकांचे चित्रसंच तयार करीत होते. पाटण्याचा सेवकराम हा त्यांपैकी एक नामवंत चित्रकार होय. या संचांत लोहार, शिंपी, बांगडीविक्या, कुंभार अशा एकेका आकृतीला एकेक पान दिले जाई आणि पार्श्वभूमी बहुधा मोकळी ठेवली जाई. मागणी वाढल्यावर तेच नमुने कागदावर व अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर वारंवार गिरविले जाऊ लागले. आरंभी निरीक्षणातून आलेली आकृती अशा रीतीने ठरावीक साच्यात बसली. कारागीर राहिला, पण त्याच्याभोवतीचा बाजार चित्रातून नाहीसा झाला.

याच काळातील पुण्याचे उदाहरण निराळे आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने पुण्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याची सोय झाली आणि जेम्स वेल्स (१७४७–१७९५) या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली काही स्थानिक चित्रकार तयार झाले. त्यांपैकी गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा (१७९०) व वेरूळची लेणी यांची स्थळावर जाऊन रेखाटने केली. त्यांची कित्येक रेखाटने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जतन केलेली आहेत. तांबट या आडनावावरून तांब्या-पितळेचे काम करणाऱ्या कारागीरवर्गाशी असलेले नाते सूचित होते. कारागीर घराण्यातील माणसाने हाती लेखणी घेऊन स्थळावर रेखाटन केल्याचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे उदाहरण होय. त्यांचे नाव टिकून राहिले, ते चित्रकार म्हणून.

किपलिंगची रेखाटने : जॉन लॉकवुड किपलिंग (१८३७–१९११) हा १८६५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालयात वास्तुशिल्पाचा शिक्षक म्हणून आला. हे विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले होते. विल्यम एमर्सन या वास्तुविशारदाने आखलेल्या व १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई) प्रवेशद्वारावरील उत्थित शिल्पे किपलिंगच्या आराखड्यांनुसार घडविलेली आहेत. श्रमिक जनांच्या आकृती सार्वजनिक वास्तूच्या दर्शनी भागावर आणण्याचा हा प्रयत्न त्याच्या पुढील कामाशी सुसंगत होता.

१८७० मध्ये सरकारने वायव्य प्रांत व पंजाब या भागांतील कारागिरांची रेखाटने करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. शिसपेन्सिल, शाई व पातळ रंगलेप यांत केलेली ही रेखाटने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सिमला येथील लाकूडकोरक्याचे १८७० मधील रेखाटन त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. कारागिराची बैठक, हातातील अवजार, कामाची वस्तू व कामाची जागा यांचा परस्परसंबंध ही रेखाटने स्पष्ट करतात. कंपनी शैलीच्या संचात अवजार हे जातीच्या ओळखीचे चिन्ह असे. किपलिंगच्या रेखाटनात ते वापरात असलेले दिसते. हा फरक मूलगामी आहे.

छायाचित्रण भारतात त्यापूर्वीच रुजले होते. विल्यम जॉन्सन याची मुंबईतील निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे १८६३ व १८६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली होती आणि भारतातील लोकांविषयीचा सरकारी छायाचित्रसंग्रह १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. असे असतानाही रेखाटनकार नेमण्याची आवश्यकता भासली, याची कारणे काही अंशी तांत्रिक होती. त्या काळच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत प्रकाशनाला कित्येक सेकंद लागत आणि हलता हात पुसट उमटे. कारागिराला काम थांबवून हातात अवजार धरून बसावे लागे. रेखाटनकार मात्र कामाची अनेक आवर्तने पाहून त्यांतील निर्णायक क्षण निवडू शकत असे व कामाचा एखादा अनावश्यक भाग वगळून पकड, कोन, दाब यांसारख्या गोष्टी उठावदार करू शकत असे.

किपलिंगच्या या कामाला प्रशासनाची व व्यापाराची गरजही कारणीभूत होती. कोणत्या प्रांतात कोणते कसब टिकून आहे, हे जाणून घेण्याची तत्कालीन शासनास आवश्यकता वाटत होती. रेखाटनांच्या शीर्षकांत साधारणतः व्यवसाय व स्थळ एवढाच निर्देश आढळतो. हात, पावले व अवजारे यांची काळजीपूर्वक नोंद झाली; माणसाचे नाव मात्र लिहिले गेले नाही.

नाव आणि काम : लंडनमध्ये १८८६ साली भरलेल्या वसाहतींच्या व भारताच्या प्रदर्शनात याची उलट बाजू दिसून आली. प्रदर्शनाच्या आवारात बाजारासारखी मांडणी करून तीसहून अधिक भारतीय कारागिरांना प्रेक्षकांसमोर काम करावयास बसविण्यात आले होते. ते पिढीजात कसबाचे प्रतिनिधी म्हणून दाखविले गेले. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक आग्र्याच्या तुरुंगात शिकून तयार झालेले होते. व्हिक्टोरिया राणीने ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा (१८५९–१९१४) याच्याकडून त्यांपैकी काहींची लहान आकाराची तैलचित्रे करवून घेतली आणि नंतर १८८६ ते १८८८ या काळात त्याला भारतात पाठविले. ही चित्रे ऑस्बर्न हाउस या राजनिवासात आहेत. त्यांत शंभरी ओलांडल्याची नोंद असलेला आग्र्याचा कुंभार बक्षीराम याचे व्यक्तिचित्र उल्लेखनीय आहे. त्याचे नाव, वय व व्यवसाय यांची नोंद झाली आणि सुरकुतलेला चेहरा अत्यंत आस्थेने रंगविला गेला. परंतु चित्रात चाक नाही, माती नाही आणि हातही नाहीत. किपलिंगच्या रेखाटनात काम आहे, पण नाव नाही. स्वोबोडाच्या चित्रात नाव आहे, पण काम नाही. एकोणिसाव्या शतकातील कारागीर-चित्रणाची मर्यादा या दोहोंची तुलना केली असता ध्यानात येते.

किपलिंग १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो कलाविद्यालयाचा प्राचार्य झाला. तेथील शिष्यांत सुतार कुटुंबात जन्मलेले भाई रामसिंग (१८५८–१९१६) हे होते. त्यांनी ऑस्बर्न हाउसमधील दरबार दालनाच्या सजावटीचे आराखडे तयार केले व १९१० मध्ये ते त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. रंधा व वाकस यांबरोबर मोजमापाचे रेखाटन हाती आल्यावर कारागिराचे स्थान किती बदलू शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. मुंबईच्या कलाविद्यालयातही १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कलाकर्मशाळा सुरू झाल्या. पण तेथे चित्रकार व कारागीर यांचे शिक्षण स्वतंत्र शाखांतून होत गेले आणि दोहोंमधील अंतर पूर्णपणे मिटले नाही.

मुंबईतील परंपरा : महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी कलाविद्यालयातील शिस्तबद्ध मानवाकृती-अभ्यासाला शहरातील रस्त्यांच्या व बाजारांच्या निरीक्षणाची जोड दिली. एस्. एम्. एडवर्ड्‌स याच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी (१९१२) केलेली चित्रे, तसेच विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेली त्यांची चित्रकार्डे यांत फेरीवाले, विक्रेते व निरनिराळ्या समाजांचे स्त्री-पुरुष आढळतात. पागोट्याची बांधणी, लुगड्याचा काचा, डोक्यावरील ओझ्याचा तोल यांचे अचूक भान हे त्यांचे वैशिष्ट्य. क्वचित विनोदाकडे झुकणाऱ्या या चित्रांत व्यक्ती ही एखाद्या समाजाचा नमुना म्हणूनच येते; तथापि चित्रकार त्याच शहराच्या जीवनाशी परिचित असल्याने तिच्यात परकेपणा जाणवत नाही.

शांतिनिकेतन व हरिपुरा : स्थलरेखाटनाला कलाशिक्षणाचे नित्याचे अंग बनविण्याचे श्रेय प्रामुख्याने नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांना द्यावे लागते. शांतिनिकेतनच्या कलाभवनात (स्था. १९१९) त्यांनी विद्यार्थ्यांना आसपासची खेडी, संथाळ वस्त्या, हाट व जत्रा यांत जाऊन रेखाटन करण्याची सवय लावली. तेथे १८९४ पासून भरू लागलेल्या पौष मेळ्यात परिसरातील कारागीर व ग्रामस्थ मोठ्या संख्येने येत. स्वतः नंदलाल पोस्टकार्डाएवढ्या लहान कागदांवर सतत रेखाटने करीत. त्यांचा भर बाह्य सादृश्यापेक्षा हालचालीच्या लयीवर होता. प्रथम पाहावे, मग थोडक्या रेषांत टिपावे आणि नंतर स्मरणाने पुन्हा काढून पाहावे, या क्रमामुळे चित्रकाराला स्वतःच्या निरीक्षणातील उणिवा समजत. जवळच श्रीनिकेतन येथे १९२२ पासून ग्रामोद्धाराचे कार्य चालू असल्याने कारागीर हा केवळ चित्रविषय न राहता विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचा झाला.

महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून नंदलालांनी काँग्रेसच्या अधिवेशनांची सजावट केली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या, खेड्यातील पहिल्या अधिवेशनासाठी त्यांनी बांबू व तत्सम स्थानिक साहित्य वापरले. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी नंदलाल व त्यांचे सहकारी यांनी मिळून सु. ४०० भित्तिफलक तयार केले. त्यांपैकी ऐंशीहून अधिक मूळ चित्रे खुद्द नंदलालांची होती. हातकागदावर चिक्कणरंगात केलेल्या या फलकांत सुतार, लोहार, पिंजारी, शिंपी, चांभार, ढोलकीवाला, दळणकांडण करणाऱ्या स्त्रिया इत्यादी आढळतात. पुष्कळ आकृती महिरपीच्या चौकटीत बसविलेल्या आहेत. मंदिरातील देवतेला किंवा लघुचित्रातील राजपुरुषाला मिळणारी चौकट येथे काम करणाऱ्या माणसाला मिळाली. वर्षानुवर्षांच्या स्थलरेखाटनाशिवाय इतक्या थोड्या अवधीत, इतक्या मोजक्या व आत्मविश्वासपूर्ण रेषांत हे काम होणे शक्य नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात यांतील बरेच फलक आहेत. कारागिरांची नावे या फलकांवरही नाहीत. मात्र हे फलक संग्राहकासाठी वा प्रशासकासाठी नसून, अधिवेशनास आलेल्या खेडुतांसाठी वाटेवर व प्रवेशद्वारांवर लावलेले होते. चित्रित झालेला वर्गच या चित्रांचा प्रेक्षक होता, हे त्यांचे महत्त्व.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झाले (२०२० मध्ये ते बरखास्त करण्यात आले) आणि कमलादेवी चट्टोपाध्याय (१९०३–८८) यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांसाठी विक्रीच्या व प्रदर्शनांच्या सोयी वाढल्या. निष्णात कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्याची प्रथा १९६५ मध्ये सुरू झाली. तीमुळे कारागिराची नावानिशी ओळख होऊ लागली. १९६१ च्या जनगणनेच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांतील हस्तव्यवसायांची पाहणी करण्यात आली. नंदलालांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन् (१९२४–२०१६) यांनी १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळात काम केले व कलावंत आणि कारागीर यांच्यातील भेद कृत्रिम असल्याचे आपल्या लेखनातून सातत्याने प्रतिपादिले.

हरयाणातील सूरजकुंड येथील मेळा (१९८७ पासून), उदयपूरचे शिल्पग्राम (१९८९) व दिल्ली हाट (१९९४) यांमुळे उघड्यावरील कारागीर-बाजाराचा एक नवा प्रकार रूढ झाला. दिल्ली हाटात कारागिरांना ठरावीक मुदतीच्या पाळीने गाळे दिले जातात. अशा ठिकाणी कारागीर आपल्या गावापासून दूर, प्रेक्षकांसमोर प्रात्यक्षिक म्हणून काम करतो. भट्टी, भिजवणीची टाकी, कुटुंबातील इतरांचे साहाय्य या गोष्टी तेथे नसतात. त्यामुळे मेळ्यातील रेखाटनावरून संपूर्ण प्रक्रियेविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते. दुसरीकडे, गाळ्यावर कारागिराचे नाव व गाव लिहिलेले असते. नाव आणि काम या दोहोंची एकत्र नोंद करणे रेखाटनकाराला आता सहज शक्य झाले आहे.

अमेरिकेतील सिॲटल येथील पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल काम्पानारियो यांनी २००७ मध्ये आरंभिलेल्या शहर-रेखाटनाच्या चळवळीमुळे स्थळावर बसून, प्रत्यक्ष पाहूनच रेखाटन करण्याच्या तत्त्वाला जगभर हौशी अनुयायी मिळाले. भारतातही अनेक शहरांत असे गट बाजारांतून रेखाटने करताना दिसतात. या प्रसारामुळे काही व्यावहारिक व नैतिक प्रश्न निर्माण झाले आहेत. रेखाटनकाराभोवती जमणारी गर्दी गिऱ्हाइकाची वाट अडवते. बाजाराच्या मोजक्या तासांत त्यामुळे कारागिराचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते. तसेच एखाद्या कारागिराने स्वतः रचलेली नक्षी तपशिलाने टिपून इतरत्र वापरणे हे त्याच्या कसबाचे अपहरण ठरते. परवानगी घेणे, दुकानाच्या बाजूस बसणे, नाव विचारून लिहिणे आणि पूर्ण झालेले रेखाटन दाखविणे हे संकेत म्हणूनच महत्त्वाचे मानले पाहिजेत. रेखाटन दाखविल्याने चुकाही दुरुस्त होतात. पकडीतील वा अवजाराच्या कोनातील दोष कारागिराच्या नजरेस तत्काळ येतो.

मूल्यमापन : कल्हईवाला, पिंजारी, घिसाडी यांसारखे व्यवसाय अनेक ठिकाणी विरळ झाले आहेत. लिखित वर्णनात अवजाराचे नाव मिळते, संग्रहालयात अवजार मिळते. पण ते कसे धरले जाई आणि त्यासाठी शरीर कसे ठेवावे लागे, हे जाणण्यास स्थळावर केलेली रेखाटने मोठे साहाय्य करतात. चलच्चित्रणाने हे कार्य आज अधिक पूर्णतेने होऊ शकते. तरीही रेखाटनासाठी चित्रकाराला कारागिराजवळ बराच वेळ बसावे लागते आणि त्या अवधीत होणारा संवाद हा या पद्धतीचा वेगळा लाभ होय.

अलीकडच्या काळात कारागीर स्वतःही चित्रकर्त्याच्या भूमिकेत आलेला आहे. मिथिला शैलीच्या चित्रकर्त्या गंगादेवी (१९२८–९१) यांनी भारत महोत्सवाच्या निमित्ताने १९८५ मध्ये केलेल्या अमेरिकेच्या प्रवासानंतर तेथील करमणुकीच्या उद्यानातील वेगवान झोकेगाडीची व तीत बसलेल्या माणसांची चित्रे आपल्या पारंपरिक रेषेत काढली. ती स्थलरेखाटने नव्हेत, स्मरणाने केलेली चित्रे आहेत. परंतु ज्यांना दोन शतके इतरांनी मेळ्यात पाहिले व टिपले, त्यांच्यापैकी एकीने परक्या मेळ्याकडे पाहून केलेली ती नोंद आहे. तीवर चित्रकर्तीचे नाव आहे. कारागीर-बाजारांच्या स्थलरेखाटनाचे मोल ठरविताना रेषेचे कौशल्य, कामाच्या नोंदीची अचूकता आणि काम करणाऱ्याची ओळख या तिन्ही कसोट्या एकत्र लावणे आवश्यक ठरते.